रडेल त्याचा चहा

भोंग्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्याची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्याचा स्टोव्ह पेटल्याशिवाय मला जाग येत नसे. काम सुटल्यावर मात्र ही वेळ मागे सरकायला लागली. पहिल्या वर्षी तो म्हणायचा, "आमच्या वेळी चारला उठावं लागायचं." पुढच्या वर्षी तीन झाले, मग दोन. शेवटी आमचा सोबती काटा त्याला म्हणाला, "भोंग्या, या वेगाने तू आदल्या दिवशीच उठून बसणार."

भोंगा जराही वरमला नाही. "बसायचोच. तेव्हा झोपायला वेळ होता कोणाला? झोप ही आत्ता आत्ता निघालेली गोष्ट आहे."

त्याचं खरं नाव फक्त त्याच्या बायकोला आणि पगार वाटणाऱ्या कारकुनाला माहीत होतं. कारखान्याचा भोंगा एकदा बिघडला तेव्हा मुकादमाने जेवणाची सुट्टी याला ओरडून सांगायला लावली. एक दिवस. पण आवाज असा होता की चालू क्रशरवरून पलीकडच्या गेटला ऐकू गेला. तेव्हापासून तो भोंगा. त्याच्या तोंडी हीच गोष्ट पुढे अशी झाली की मालकाने खरा भोंगा भंगारात विकला आणि आसपासचे लोक याच्या ओरडण्यावर घड्याळं लावायला लागले.

आमचा कारखाना दगड दळायचा. पांढरा दगड यायचा, क्रशरमध्ये फुटायचा, चक्कीत दळला जायचा आणि पिठासारखी पावडर होऊन नळ्यातून खाली यायची. काच बनवायला ती लागते. भोंगा नळ्याखाली गोण्या भरायचा. मी त्या पाठीवर घेऊन गाडीत रचायचो. काटा वजनाच्या काट्यावर बसायचा म्हणून काटा. यंत्रांना वंगण घालणारा तो ग्रीस. मला हमाल्या म्हणत.

गोणी पन्नास किलोची होती. भोंग्याच्या बोलण्यात ती वाढत वाढत दोन क्विंटलवर गेली, आणि ज्याने आयुष्यभर वजनंच केली तो काटाही मान डोलवायचा. मला हे पटत नसे. पन्नास किलो पुरे असतात. दिवसभर उचलून बघावं.

गोणी भरणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. तोंड नळ्याला नीट चढवायचं, झडप अर्धीच उघडायची, पावडर बसावी म्हणून गोणीच्या अंगावर फळीने ठोकायचं, आणि पातळी कुठवर आली ते बघायला आपलं तोंड गोणीच्या तोंडाशी न्यायचं. जो ताठ उभा राहायचा त्याची गोणी एक तर कमी भरायची, नाहीतर शिवताना उसवायची. भोंगा वाकायचा. त्याने भरलेली गोणी माझ्या पाठीवर कधी फुटली नाही. गोणी पाठीवर फुटल्यावर काय होतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच याची किंमत कळेल. आता कळतं की जो नीट वाकला त्याच्या छातीत ती पावडर जास्त गेली. तेव्हा आम्ही चांगला कामगार आणि वाईट कामगार एवढंच बघत होतो.

मुकादमाचं एक वाक्य ठरलेलं होतं. "झेपत नसेल त्याने घरी जावं." खोकणाऱ्या माणसाकडे बघून तो हे म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसराच कोणी उभा असायचा. म्हणून आम्ही खोकला गिळायला शिकलो. त्यालाही पद्धत आहे. जीभ टाळूला दाबून धरायची, श्वास नाकाने थोडा थोडा सोडायचा, आणि क्रशरमध्ये मोठा दगड पडेपर्यंत थांबायचं. दगड पडला की खोकून घ्यायचं. त्या आवाजात तोफ उडाली तरी मुकादमाला कळलं नसतं.

यातूनच चहाचा नियम निघाला. जेवणाच्या सुट्टीत जो कोणी पाठ दुखते, छाती भरते, डोळे चुरचुरतात असलं काही बोलेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. रडेल त्याचा चहा. निघाला चेष्टेत, पण माणसं तोंड मिटून राहायला लागली आणि मुकादमाच्या कानावर काही जाईना. या नियमाने कितीतरी जणांची नोकरी टिकली.

कारखाना बंद पडला. गेटला कुलूप लागलं, पत्रे गंजले. समोरची चहाची टपरी तेवढी राहिली. तिच्या बाकावर आम्ही रोज सकाळी बसायचो आणि नियम तसाच चालू होता. मुकादम केव्हाच वारला होता, तरी चालू होता.

"चहा बघ, नुसतं पाणी," काटा म्हणायचा.

"आमच्या वेळचा चहा!" भोंगा सुरू व्हायचा. "कप उपडा केला तरी पडत नसे. खाली तोंड धरून विनवणी करायची, ये बाबा, ये."

"आणि धूळ?" ग्रीस विचारायचा. त्याला ऐकू फार कमी यायचं, पण प्रश्न पाठ होते.

"धूळ! आता कुठे राहिलीय तशी धूळ? आताची नुसती उडते आणि बसते. आमच्या धुळीत घमेलं टेकवून ठेवायचो, हवेत राहायचं. घरी गेलो की बायको दारात झाडू घेऊन उभी. आधी झाडायची, मग बघायची आतून कोण निघतंय. एकदा ग्रीसलाच झाडून जेवायला वाढलं तिने. हात धुतले तेव्हा कळलं."

"मला कधी वाढलं नाही," ग्रीस म्हणायचा. "जेवण चांगलं होतं पण."

"एवढे पहिलवान होता," टपरीवाला गाळणी झटकत म्हणायचा, "तर कारखाना बंद कसा पडला?"

"आम्ही दगडच संपवले," भोंगा म्हणायचा. "डोंगर... राहिला नाही... एक."

वाक्याच्या मध्ये तो असा थांबायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, रंगवून सांगतोय. भिंतीपलीकडे राहणाऱ्याला माहीत होतं. तो आता आडवा होऊन झोपत नव्हता. पलंगावर उशा रचून बसल्या बसल्या डोळे मिटायचा. नळावरून बादली आणायची तर मध्ये दोनदा खाली ठेवायचा, आणि कोणी बघत असेल तर बादली ठेवून चपलेतला खडा काढायचा. खडा नसायचा.

त्याची मुलगी शिवणकाम करायची. नवरा सोडून गेल्यावर ती आईबापाकडे परत आली होती. मशीन खोलीच्या दारात लावलेलं. गिऱ्हाईक बाहेर बोळात उभं राहायचं, पाऊस आला की निघून जायचं. बसथांब्याजवळ एक छोटा गाळा विकायला निघाला होता. भोंग्याची सगळी मजुरी, बाजूला टाकलेली आणि कारखाना बंद होताना मिळालेली, बँकेत त्याच कामासाठी ठेवलेली होती. गाळेवाल्याशी बोलणं झालं होतं. मुलीने आत मशीन कुठे ठेवायचं, आरसा कुठे लावायचा हेही ठरवलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरने सांगितलं की छातीत दगडाची धूळ आहे, ती निघत नाही. औषधं कायमची, आणि पुढे घरी ऑक्सिजन लागेल. म्हणजे गाळा गेला. पण त्याच महिन्यात बातमी आली की दगड दळणाऱ्या कारखान्यांतल्या जुन्या कामगारांची सरकारी तपासणी होणार आहे. आजार धुळीचा ठरला तर औषध सरकारचं, ऑक्सिजन सरकारचा, वर महिन्याला काही रक्कम. नाही ठरला तर काही नाही.

मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही आणि काटाकाका चला. बरोबरचे दोन कामगार साक्षीला लागतात. आणि बाबांना तिथे बाता मारू देऊ नका."

"बापाचं तोंड मी धरू?" मी म्हणालो.

"मी धरलंय चाळीस वर्षं," पलीकडच्या खोलीतून भोंग्याची बायको, आमची वहिनी, म्हणाली. "हाताला घट्टे पडले."

तपासणीच्या दिवशी आम्ही रिक्षाने गेलो. ग्रीसला बोलावलं नव्हतं. तोही बसला. कुठे चाललोय ते त्याला वाटेत कळलं. मुलगी बापाला घोकून घेत होती.

"काय सांगायचं, बाबा?"

"दम लागतो."

"आणि?"

"जिना चढवत नाही. आडवं होता येत नाही. अगं, पाठ आहे माझं. आता काय छडी घेणारेस?"

"खोकला आला तर खोका. गिळू नका."

"नाही गिळत," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. पोरीचा गाळा त्याच्याही मनात तिच्याइतकाच होता.

दवाखान्याच्या एका लांब खोलीत तपासणी होती. भिंतीला लागून बाकं, त्यांवर निरनिराळ्या कारखान्यांतले म्हातारे. निम्मे ओळखीचे. टोकाला टेबल, टेबलामागे डॉक्टर. पडदा वगैरे काही नाही. एकाला विचारलेलं सगळ्यांना ऐकू जायचं. नळीत फुंकून छाती मोजायचं यंत्र होतं, पण ते बिघडलं होतं आणि त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

भोंग्याचा नंबर आला. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरला. "डाग आहेत. पण तुम्हाला पूर्वी क्षयाची औषधं दिलेली दिसतात. हे त्याचेही असू शकतील. म्हणून नीट विचार करून सांगा. काम काय होतं?"

"गोण्या भरणं."

"धूळ उडायची?"

"उडायची."

"आता काय त्रास होतो?"

भोंग्याने मुलीकडे बघितलं. मग खाली बघून हळू आवाजात म्हणाला, "दम लागतो."

"काय म्हणाला?" ग्रीसने विचारलं.

काटा त्याच्या कानात ओरडला, "दम लागतो म्हणाला!"

सगळ्या खोलीने ऐकलं. बाकावरून कोणीतरी म्हणालं, "भोंग्या, चहा!"

आमचा नियम आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांत पोचलेला होता. सगळी रांग हसली. ज्यांना हसताना दम लागत होता तेही हसले. डॉक्टरला काय झालं ते कळलं नाही. त्याने आपला पुढचा प्रश्न विचारला, "म्हणजे काम झेपत नव्हतं का तुम्हाला?"

भोंगा ताठ झाला. मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याचे खांदे वर गेलेले मला दिसले.

"झेपत नव्हतं?" तो म्हणाला. आणि आवाज आला तो जुना, क्रशरवरून जाणारा. कुठून आणला कोण जाणे. "साहेब, मी एका हाताने गोणी भरायचो आणि दुसऱ्या हाताने मागच्याची शिवायचो. धूळ कसली? पावडर होती ती. बायका पैसे देऊन तोंडाला लावतात, आम्ही फुकट लावायचो. म्हणून तर हा रंग!"

बाकं हसली.

"जिना चढताना?"

"कुठल्या मजल्यावर जायचंय बोला. तुम्हाला खांद्यावर घेऊन जातो. टेबल राहू द्यायचं की तेही घेऊ?"

आता डॉक्टरही हसला. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून त्याने रडगाणीच ऐकली होती.

"साहेब, खोटं बोलताहेत ते," मुलगी म्हणाली. "घरी झोपत नाहीत. बादली उचलवत नाही त्यांना."

"ताई, आजारी माणूस इथे येऊन आजार लपवेल कशाला? निरोगी माणसं खोकत येताहेत माझ्याकडे." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बरोबर काम केलंय ना? काय सांगता?"

"धूळ होती," मी म्हणालो. "समोरचा माणूस दिसत नसे. हा गोणीत तोंड घालून काम करायचा. त्याला आता श्वास पुरत नाही."

"याचं मनावर घेऊ नका साहेब," भोंगा म्हणाला. "हा पहिल्यापासून रडका. आम्ही जन्मभर याच्याच पैशाने चहा प्यायलो."

बाकांना तेही आवडलं. काट्याला विचारलं तर तो म्हणाला, धूळ होती, पण त्या धुळीची मजा वेगळी होती. सवयीने म्हणाला.

"चालून दाखवा," डॉक्टर म्हणाला. "या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जा आणि परत या. घाई नको."

मी आयुष्यभर माणसांना ओझं उचलताना बघितलं आहे. कोणाला किती जड जातंय ते मला मानेवरून कळतं. भोंगा चालला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, आणि एवढं जड ओझं मी कोणाच्या अंगावर बघितलं नाही. पाय सरळ पडत होते. हात हलत होते. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. टोकाला वळताना तो क्षणभर भिंतीशी थांबला आणि तिथे लावलेलं चित्र बघितल्यासारखं केलं. परत येताना त्याचे ओठ निळसर होते. तोंड मिटलेलं, जीभ टाळूला. क्रशर नव्हता, त्यामुळे दगड पडायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तो टेबलाशी येऊन उभा राहिला आणि हसला. बोलला नाही. बोलता आलंच नसतं. त्या कामात कसूर म्हणून काढता आली नसती.

"छान," डॉक्टर म्हणाला आणि त्याने लिहिलं. पुढच्याला बोलावलं.

बाहेर पायऱ्यांवर भोंगा बसला आणि मग खोकला. बराच वेळ. मुलगी पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. काटा पाणी शोधायला गेला.

"कोणासाठी बोललात हो ते?" ती म्हणाली. "कोणाला दाखवायचं होतं?"

"सगळे... बघत होते."

"सगळे म्हणजे कोण? काटाकाकांना मोतीबिंदू, ग्रीसकाकांना ऐकू येत नाही!"

"मला येतं," ग्रीस म्हणाला.

"मी सांगतो... परत जाऊन," भोंगा म्हणाला. तो उठला, दोन पायऱ्या चढला आणि तिसऱ्या पायरीवर बसला. मी आत गेलो. डॉक्टरला म्हणालो, बाहेर येऊन एकदा बघा. तो म्हणाला, रांग आहे, बाबा. दारावरचा शिपाई मला हाताला धरून बाहेर घेऊन आला. डॉक्टर बाहेर आला तेव्हा दुपार झाली होती, आणि तोवर मुलीने बापाला रिक्षात घालून घरी नेलं होतं.

निकाल महिन्याने आला. आजार धुळीचा नाही, पात्र नाही. मुलगी खेटे घालत राहिली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, पुन्हा तपासणी वर्षाने होईल, तेव्हा या. यंत्र तोवर दुरुस्त होईल.

घरी वहिनी नवऱ्याला काही बोलली नाही. माझ्याशी बोलली. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. जन्मभर झाकली, आता उघडता येईना. बोटंच वळत नाहीत."

भोंगा आणखी काही महिने बाकावर यायचा. गोष्टी सांगायचा, पण दोन शब्द झाले की थांबायचा आणि उरलेलं काटा सांगायचा. काट्याला रंगवता येत नाही. तो गोणी परत पन्नास किलोवर आणायचा. भोंगा हाताने खूण करायचा, वाढव, वाढव. मग एक दिवस तो आला नाही. टपरीवाल्याने चार कप भरले होते. एक तसाच राहिला. कोणी तो उचलला नाही, आणि त्या दिवसानंतर रडण्याबद्दल कोणी कोणाला चहा मागितला नाही.

ऑक्सिजन सुरू झाला. भाड्याचा सिलिंडर यायचा, संपला की दुसरा. बँकेतली ठेव मोडली. गाळेवाला दोनदा विचारून गेला, तिसऱ्यांदा आला नाही. गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलीचं मशीन दारातून हलवावं लागलं, कारण सिलिंडर आत न्यायला दार मोकळं लागायचं. ती पलंगाच्या पायथ्याशी बसून शिवायची. गिऱ्हाईक आत यायला बिचकायचं.

मी रोज दुपारी जाऊन बसायचो. सिलिंडर आणणारा माणूस चांगला दणकट होता, पण उचलायचा कमरेतून. भोंग्याने एकदा तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"गुडघे... वाकव," तो म्हणाला. "कंबर... नाही."

"काका, तुम्ही बोलू नका," तो माणूस म्हणाला.

"आमच्या वेळी," भोंगा म्हणाला, आणि पुढे काही आलं नाही. आम्ही वाट बघितली. मुलीने मास्क परत लावला. मी म्हणालो, "आमच्या वेळी हे असले दोन याच्या दोन खिशांत असायचे." भोंग्याने बोटं वर केली. चार. मी म्हणालो, "हो, चार." तो माणूस हसला नाही. त्याला पुढच्या घरी जायचं होतं.

वर्ष पुरं व्हायच्या आत भोंगा गेला. पहाटे. भिंतीपलीकडचा त्याच्या श्वासाचा आवाज थांबला त्याने मला जाग आली.

शेवटचा सिलिंडर दोनच दिवसांपूर्वी आला होता, अर्ध्याच्या वर भरलेला होता. मुलगी आणि मी तो घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाची सुई बघितली, मान हलवली. भरलेल्याचे पैसे परत देत नाही म्हणाला, उघडल्यावर तो वापरलेलाच धरतात. सिलिंडर रिकामा करायला त्याने झडप उघडून उरलेलं हवेत सोडून दिलं, आणि ते संपेपर्यंत आम्ही तिघं तिथे उभे होतो.